जाणाऱ्या टपालाची झडती

महापे, ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये एकाच मेल सर्व्हरवर अनेक छोट्या कंपन्यांचे ई-मेल नांदत असतात. बाहेरच्या जगाला त्या सगळ्यांचा आयपी पत्ता एकच दिसतो. त्यातल्या एकाचा पासवर्ड चोराच्या हाती लागला, की रातोरात हजारो स्पॅम सुटतात आणि सकाळी भलत्याच कंपनीचे साधे कोटेशन बाऊन्स होऊन परत येते. सुक्याबरोबर ओलेही जळते. जाणारी मेल तपासण्याची रीत या जळण्यातूनच आली.

३ मे १९७८ रोजी डीईसी कंपनीच्या गॅरी थर्क यांनी इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना संगणकांची जाहिरात धाडली. पहिला स्पॅम म्हणून तिचीच नोंद आहे. पुढची कित्येक वर्षे सर्व्हर कोणाचीही मेल कोणालाही पोचती करत. वाटसरूची चिठ्ठी पुढच्या गावी द्यावी, तसा तो विश्वासाचा व्यवहार होता. स्पॅमवाल्यांनी तो नासवला. अखेर १९९८ मध्ये सेंडमेल या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरने ८.९ या आवृत्तीपासून परक्यांची मेल पुढे नेणे मुळातच बंद ठेवले.

पण खरे वळण मला त्याआधीचे वाटते. १९९७ च्या सुमारास पॉल व्हिक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पॅम येणाऱ्या आयपी पत्त्यांची ब्लॅकलिस्ट सुरू केली. लिहिणारा कोणीही असो, गुन्हा पत्त्याच्या नावावर चढू लागला. मग सर्व्हर सांभाळणाऱ्याला घरातल्यांकडेही पाहणे भाग पडले. डिसेंबर १९९८ मध्ये आपल्याच माणसांच्या मेलसाठी ५८७ हा वेगळा पोर्ट ठरला. तिथे ओळख पटवून घेता येते, म्हणून कोणी किती पाठवले हेही मोजता येते.

जाणाऱ्या मेलवर अशी नजर ठेवण्याची गरज आपल्या दारातली आहे. २०१२ च्या पहिल्या तिमाहीत सोफॉस या संगणक-सुरक्षा कंपनीच्या यादीत स्पॅम पाठवणाऱ्या देशांत भारत पहिला होता. व्हायरस शिरलेले संगणक मालकाच्या नकळत मेल धाडत होते.

म्हणून जाणारी मेल तपासावीच, असे माझे ठाम मत आहे. मात्र नुसत्या मजकुरावर विसंबू नये. थकबाकीची खरी आठवणही फिल्टरला स्पॅम वाटू शकते, आणि ती गुपचूप पुसणे हा ग्राहकाचा विश्वासघात आहे. त्यापेक्षा आकडा बघावा. दिवसाला चाळीस मेल पाठवणाऱ्या अकाउंटवरून मध्यरात्री चार हजार निघाल्या, तर त्यातली एकही वाचावी लागत नाही. त्या क्यूमध्ये अडवून ठेवाव्यात, पासवर्ड बदलावा आणि त्या माणसाला फोन करावा.