दुर्भिक्षातील माणूसविक्री व संमतीचा प्रश्न

मनुस्मृतीने दासांचे सात प्रकार सांगितले. नारदस्मृतीत ते पंधरा झाले. त्यांपैकी ‘अनाकालभृत’ म्हणजे दुष्काळात पोसला गेलेला दास. त्याने गुरांची जोडी देऊन मुक्त व्हावे, असे नारद सांगतो. कारण दुर्भिक्षात खाल्लेले अन्न नुसत्या कष्टाने फिटत नाही. दास्याचे हे समर्थन बळावर नव्हे, उपकारावर उभे आहे. म्हणूनच त्याचे खंडन सोपे नाही.

पेशवेकालीन कागदपत्रांतील कुणबिणींची हकीकत याहून कठोर आहे. येथे कुणबीण म्हणजे कुणब्याची स्त्री नव्हे, तर सरकारी कोठीत, पागेत वा सरदारांच्या वाड्यांत दळणकांडण व शेणगोठा करणारी दासी होय. दुष्काळात विकलेल्या मुली, व्यभिचाराच्या आरोपावरून सरकारजमा झालेल्या स्त्रिया व परमुलखातून विकावयास आणलेल्या स्त्रिया यांचा त्यांत भरणा असे. सुटकेची एक रीत अशी होती की, जाणारीने आपल्या ऐवजी दुसरी कुणबीण द्यावी. एकीची मुक्तता झाली, धन्याचे नुकसान टळले, आणि दास्य मात्र होते तेवढेच राहिले.

ज्याच्या जागी तुल्य वस्तू ठेवता येते त्याला किंमत असते, व ज्याला पर्याय नाही त्याला प्रतिष्ठा असते, असा भेद कांटने १७८५ मध्ये केला. पुण्याच्या कोठीची वार्ता त्याच्या कानी गेली असण्याचा संभव नाही; तथापि त्या रीतीतील दोष यापेक्षा नेमका सांगता येणार नाही. तेथे मुक्ततासुद्धा किमतीच्याच भाषेत होत असे.

उपयुक्ततावादाची अडचण निराळी आहे. मूल विकल्याने मूलही जगले व आईबापही जगले, तर सुखदुःखाच्या बेरजेत तक्रार कशाची? यावर उत्तर आहे: जेथे मूल विकता येते तेथे दुष्काळाची वाट पाहणारा व्यापारी उत्पन्न होतो, व बेरीज त्या एका घरापुरती राहत नाही. मिलने १८५९ मध्ये स्वतःला विकण्याचा करार अग्राह्य ठरविला. परंतु त्याचा युक्तिवाद स्वतःचा सौदा करणाऱ्या प्रौढासंबंधी आहे. विकल्या गेलेल्या मुलीला कोणी विचारलेच नव्हते.

१८४३ च्या पाचव्या कायद्याने दासावरील मालकीहक्क न्यायालयांत अग्राह्य ठरला, पण दास बाळगणे हा गुन्हा झाला नाही. माणसाची खरेदीविक्री गुन्हा ठरली ती १८६० च्या दंडसंहितेने. पुढे २००० च्या पालेर्मो शिष्टपत्राने असहायतेचा गैरफायदा घेऊन मिळविलेली संमती निरर्थक मानली, व २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंडसंहितेतही पीडिताची संमती गैरलागू ठरली.

नारदाचा मुद्दा मात्र संमतीचा नव्हताच. तो ऋणाचा होता. त्याला उत्तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात सापडते. त्या कायद्याने वेठबिगाराला नुसते सोडविले नाही. ज्या कर्जापायी तो बांधला गेला होता, ते फेडण्याची जबाबदारीच नष्ट केली.