मापाची खुर्ची

माझा चष्मा दुसऱ्याने नाकावर चढवला तर त्याला जग अंधुक दिसेल, हे माझ्या वर्गातल्या पोरांनाही ठाऊक आहे. मग कृत्रिम पाय किंवा चाकांची खुर्ची तेवढी 'मिळेल ती गोड मानून घ्यावी' असे आपण का समजतो?

इतिहास निराळेच सांगतो. १९१८ साली खाणीतल्या अपघाताने पांगळ्या झालेल्या हर्बर्ट एव्हरेस्ट या अमेरिकन इंजिनियराला मोटारीत मावणारी खुर्ची हवी होती. त्याने हॅरी जेनिंग्ज या मित्राच्या मदतीने १९३३ साली घडीची खुर्ची घडवली. गरज ज्याची, कल्पनाही त्याचीच!

आपल्याकडे १९४४ साली पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र निघाले, ते जखमी सैनिकांसाठी. पुढे विलायती धर्तीचे पाऊल आले, पण ते ताठ आणि बुटात घालायचे. आमचा शेतकरी उकिडवा बसणार, चिखलात उतरणार, देवळाच्या पायरीशी वहाणा काढणार! त्याने ते पाऊल खुंटीला टांगले तर दोष कुणाचा? १९६८ साली जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी अनवाणी चालणारे, उकिडवे बसू देणारे रबरी पाऊल घडवले, ते याच विचारातून.

आमच्या कोल्हापुरात हा विचार रुजवला नसीमा हुरजूक यांनी. ऐन उमेदीत त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. स्वतः अपंग असलेल्या बाबूकाका दिवाण यांनी त्यांना उभारी दिली. १९८४ साली त्यांनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. तिच्या कार्यशाळेत अपंगांच्या हातून खुर्च्या आणि कॅलिपर तयार होऊ लागले. आपल्या आत्मकथेलाही नसीमाताईंनी 'चाकाची खुर्ची' हेच नाव दिले.

मापाचे महत्त्व जिवाइतके आहे. बैठक फार रुंद असली की माणूस एका अंगावर कलतो, कणा वाकतो. गादी चांगली नसली की संवेदना गेलेल्या अंगाला जखम होते आणि ती कळतही नाही. चिघळली तर जिवावर बेतते. शिवाय घराचा उंबरा केवढा, न्हाणीघराचे दार किती रुंद, कामाची जागा किती लांब, हेही पाहिलेच पाहिजे.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत कुणाला खुर्ची देण्याचा संकल्प असेल, तर दुकानात जाण्याआधी त्याच्या घरी जा. त्याला कुठे जायचे आहे, ते त्यालाच विचारा.