वीस दिवस

बाल संगोपन योजनेत मी बावीस वर्षं गृहभेटी केल्या. आईवडिलांना सांभाळता येत नाही असं मूल आजीकडे, मावशीकडे, कधी परक्याच घरी राहतं. तिथं जायचं, बघायचं, अहवाल लिहायचा. चहा झाला की मी मुलाला म्हणायचे, "चल, मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोड." घरात तोंड न उघडणारं पोर त्या वाटेवर बोलायचं. ही सवय मला डेनिस ओनीलच्या हकिकतीनं लावली.

अगाथा ख्रिस्तीचं 'द माउसट्रॅप' हे नाटक १९५२ साली लंडनच्या रंगभूमीवर आलं. ते तिला ज्या खऱ्या घटनेवरून सुचलं, ती डेनिसची. वेल्समधल्या न्यूपोर्टचा हा मुलगा नगरपालिकेच्या ताब्यात होता. १९४४च्या उन्हाळ्यात पालिकेनं त्याला आणि धाकट्या टेरेन्सला श्रॉपशर परगण्यातल्या बँक फार्म या आडबाजूच्या शेतावर गफ नवराबायकोकडे सांभाळायला दिलं. मुलं एका कचेरीची, शेत दुसऱ्या कचेरीच्या हद्दीत. देखरेख कोणी करायची याचा घोळ सुरुवातीपासून होता. इकडे पोरांच्या वाट्याला उपासमार, थंडी आणि काठी.

२० डिसेंबरला न्यूपोर्टहून एक कारकून बाई शेतावर गेल्या. मुलांची दशा त्यांच्या ध्यानात आली, आणि त्यांना तिथून हलवावं असा अहवाल त्यांनी दिला. पुढे नाताळ आला, नवं वर्ष आलं. मुलं हलली नाहीत. ९ जानेवारी १९४५ रोजी डेनिस गेला. वय बारा.

खटल्यात टेरेन्सनं साक्ष दिली. गफला सहा वर्षांची शिक्षा झाली, त्याच्या बायकोला सहा महिन्यांची. सर वॉल्टर मंक्टन यांनी चौकशी केली. मायरा कर्टिस यांच्या समितीनं १९४६ साली अहवाल दिला, तेव्हा निराधार मुलांची जबाबदारी किती खात्यांत विखुरली होती ते उघड झालं. १९४८च्या कायद्यानं ती एका ठिकाणी आणली: प्रत्येक स्थानिक संस्थेला बालक समिती आणि बाल अधिकारी नेमणं भाग पडलं. मूल कोणाचं, याचं उत्तर आता एका खुर्चीनं द्यायचं होतं.

आपल्याकडे २०१५च्या बाल न्याय कायद्याचं कलम ४४ प्रतिपालक कुटुंबांबद्दल आहे. बाल कल्याण समितीनं दर महिन्याला घर तपासावं आणि हयगय दिसली तर मूल तिथून काढावं, असं ते सांगतं. कायदा चांगला आहे. पण डेनिसच्या घरीही भेट झाली होती, अहवालही खरा लिहिला होता. बाईंचे डोळे चुकले नव्हते. चुकले ते कागद हाती आल्यावर खुर्चीतून न उठणारे.

म्हणून माझ्या प्रत्येक अहवालाखाली मी पट्टीनं आखून एक जादा रकाना काढायचे: 'कोणी वाचला, कोणत्या तारखेला, काय केलं.' नमुन्यात तो नव्हता, त्यावरून साहेबांची बोलणीही खाल्ली. बावीस वर्षांत बहुतेक वेळा तो कोराच राहिला.