इंग्रजी न्यायभाषेंतील जेत्यांचे शब्द

राज्य कोणीं जिंकलें हें बखरींवरून कळतें. परंतु न्यायासन कोणाच्या भाषेंत बोलूं लागलें, हें शब्दांनाच विचारावें लागतें. या दृष्टीनें इंग्लंडचें उदाहरण मननीय आहे.

इ. स. १०६६ मध्यें नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें. पुढें न्यायालयांत वादविवाद फ्रेंचमध्यें व नोंदी लॅटिनमध्यें होऊं लागल्या. कोर्ट, जज, ज्यूरी, ॲटर्नी, प्रिझन हे शब्द फ्रेंचच्या द्वारें आले. उलट चोरास थीफ, शपथेस ओथ, साक्षीदारास विटनेस व वधस्तंभास गॅलोज हे शब्द मूळचे इंग्रजी. म्हणजे चोरणारा व फांसावर चढणारा प्रजेच्या भाषेंतला. त्याचा निवाडा करणारा जेत्यांच्या! खुद्द कायद्याचा वाचक 'लॉ' हा शब्दही त्याहून पूर्वींच्या डेन आक्रमकांपासून आलेला आहे.

इ. स. १३६२ मध्यें तिसऱ्या एडवर्डच्या कारकीर्दींत असा कायदा झाला कीं, वादविवाद इंग्रजींत व्हावा. कारण असें दिलें कीं, लोकांस फ्रेंच कळत नसल्यामुळें आपल्या बाजूनें वा विरुद्ध काय बोललें जातें हेंच त्यांस समजत नाहीं. आश्चर्य हें कीं, तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्येंच! नोंदी मात्र लॅटिनमध्यें ठेवण्याचें त्यानेंच ठरविलें, आणि वकीलवर्गानें फ्रेंच टिपणें सोडलीं नाहींत. १६५० सालीं पार्लमेंटनें सर्वत्र इंग्रजी सुरू केली. १६६० मध्यें राजसत्ता परत येतांच तेंही बारगळलें. अखेर १७३१ चा कायदा १७३३ पासून अंमलांत आला, तेव्हां न्यायालयांची भाषा इंग्रजी झाली. यास ३७१ वर्षें लागलीं.

तरीही जज व ज्यूरी गेले नाहींत; ते तोंवर प्रजेचेच झाले होते. आपल्याकडेही शिवछत्रपतींच्या आज्ञेनें झालेल्या राज्यव्यवहारकोशांत फारसी-अरबी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द योजिले. तथापि फिर्याद व वकील मराठींत आजही नांदत आहेत.

प्रस्तुत लेखकाची हयात संस्कृत शिकविण्यांत गेली. परकीय शब्द दिसतांच तो काढावा, अशीच त्याची प्रवृत्ति. परंतु वरील इतिहास निराळें शिकवितो. शब्दाचें कुळ कोणतें, हा प्रश्न गौण होय. पिंजऱ्यांत उभ्या असलेल्या माणसास आपणांवरील आरोप कळतो कीं नाहीं, हाच मुख्य. तो न कळेल, तर शुद्ध संस्कृत शब्दही त्याच्या लेखीं नॉर्मन फ्रेंचच होय.