सुरणाचे कुरकुरीत काप, आमसुलाच्या गोड-तिखट रसात

राजापूरसह कोकणात सुरणाचे काप आवडीने केले जातात. सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असल्याने नीट न शिजल्यास घसा खवखवतो. यावरचा पारंपरिक उपाय म्हणजे आमसूल. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

साहित्य : पाव किलो सुरण, १५ आमसुले, ४ चमचे चिरलेला गूळ, अर्धी वाटी तांदळाचे पीठ, २ चमचे रवा, २ चमचे लाल तिखट, हळद, हिंग, मीठ, तेल.

कृती : हातांना तेल लावून सुरण सोलावे व अर्धा सें.मी. जाडीचे काप करावेत. ५ आमसुले घातलेल्या पाण्यात ते मऊ होईपर्यंत, पण न मोडता, उकडावेत. पाणी टाकून देऊन काप कोरडे करावेत. त्यांना हळद, हिंग, मीठ व निम्मे तिखट चोळावे. तांदळाचे पीठ व रवा एकत्र करून त्यात घोळवावेत आणि तव्यावर मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस परतावेत.

उरलेली आमसुले वाटीभर कोमट पाण्यात २० मिनिटे भिजवून कुस्करावीत व रस गाळावा. गूळ आणि उरलेले तिखट घालून तो दाटसर होईपर्यंत उकळावा. आमसुले खारवलेली असल्याने मीठ चव पाहूनच घालावे.

रस वाढतानाच कापांवर घालावा. आधी घातल्यास कुरकुरीतपणा जातो. सुरणाऐवजी टोफू वापरायचा असल्यास तो उकडू नये. कापडात दाबून त्यातील पाणी काढावे.