चढणीचे मासे: बुलढाण्यातील मासेमारी आणि तिच्या कायद्याचा इतिहास

बुलढाणा शहरापासून समुद्र सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. तरीही या जिल्ह्याचे पाणी दोन समुद्रांना जाते. अजिंठ्याच्या रांगेने जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग केले आहेत. घाटावर उगम पावणारी पैनगंगा आणि तिकडूनच वाहणारी खडकपूर्णा यांचे पाणी शेवटी गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात जाते. घाटाखालच्या नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा, मन या नद्या पूर्णेला मिळतात; पूर्णा चांगदेवला तापीत विसर्जित होते आणि तापी अरबी समुद्रात. एकाच डोंगरधारेवर कोसळलेली सर निम्मी पूर्वेला आणि निम्मी पश्चिमेला निघून जाते. या नद्यांतल्या माशांचा आणि त्यांच्यावर पोट भरणाऱ्यांचा इतिहास म्हणूनच समुद्रावरच्या मासेमारीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. दोन्हीकडे पिल्लासकट मासे मारण्याची एकच चूक झाली आणि तिच्यावर पहिला कायदाही एकच आला.

वऱ्हाडात मासे धरण्याचा धंदा मुख्यतः भोयांचा. पालखी वाहणे, नावेने माणसे पलीकडे उतरवणे, उन्हाळ्यात नदीच्या वाळूत डांगरवाडी लावणे आणि मासेमारी ही त्यांची वर्षभराची कामे पाण्याच्या चढउताराप्रमाणे एकामागून एक येत. साधने हाताची होती: फेकजाळे, गळ, बांबूच्या कामट्यांचे सापळे आणि ओहोळावर दगड रचून घातलेला तात्पुरता बांध. जाळे घरीच विणले जाई, आणि कोणत्या पाण्यात कोणत्या आसाचे, म्हणजे किती मोठ्या छिद्रांचे, जाळे टाकायचे हे विणणारा जाणून असे.

या धंद्याचे वर्ष मृगाच्या पावसाने सुरू होते. पहिला पूर आला की उन्हाळाभर डोहात तग धरलेले मासे प्रवाहाच्या उलट निघतात, ओढ्यानाल्यांत आणि पाणी साचलेल्या उथळ जागी चढतात आणि अंडी घालतात. हेच चढणीचे मासे. गाभोळीने जड झालेला मासा घोटाभर पाण्यात हातानेही सापडतो, म्हणून त्या चार-आठ दिवसांत गावेच्या गावे ओढ्यावर लोटतात. ही शिकार पूर्वीही होती आणि तिने नुकसानही होत होते. जुन्या काळातले सगळेच शहाणे होते असे मानण्याचे कारण नाही. मरळीची रीत मात्र निराळी. ती साचलेल्या पाण्यात अंडी घालते आणि नंतर पिल्लांची राखण करते. तांबूस पिल्लांचा दाट पुंजका हवेसाठी वर येतो, पाण्यावर बारीक बुडबुडे उठतात, आणि त्याच्या खाली वीतभर अंतरावर मोठी मरळ फिरत असते. पुंजका दिसला की गळ कुठे टाकायचा ते कळते. ती एक मरळ काढली की काही तासांत इतर मासे तो सगळा पुंजका फस्त करतात.

वर्षाचे दुसरे नाजूक टोक चैत्र-वैशाखात. नदीची धार तुटते आणि पाणी डोहापुरते उरते. तो डोह म्हणजे पुढच्या पावसाचे बियाणे. नेमका याच वेळी डोहात विष कालवण्याची चाल फार जुनी आहे. हिंगणबेटाच्या फळांचा गर किंवा ठेचलेली गेळफळे पाण्यात घोळवली की त्यांतले फेसाळ द्रव्य माशांच्या कल्ल्यांना बाधते, श्वास कोंडतो आणि मासे गुंगून वर येतात. हे द्रव्य काही दिवसांत निवते. पण डोह छोटा असेल तर पिल्लासकट सगळे संपते, आणि त्या पट्ट्यात पुढच्या मृगाला चढायला मासाच उरत नाही. उलट काही ठिकाणी डोह देवाच्या नावाने राखले गेले. रायगड जिल्ह्यात काळ नदीवरच्या वाळणकोंडीत महसीर मासे देवीचे म्हणून कोणी धरत नाही, आणि ते तिथे आजवर टिकून आहेत.

एकोणिसाव्या शतकात या जुन्या चालीत नवे हत्यार आले. आल्फ्रेड नोबेलने १८६७ मध्ये डायनामाइटचे पेटंट घेतले. त्याच वर्षी मलकापूर, नांदुरा, शेगाववरून जाणारी रेल्वे नागपूरला पोचली. खाणी, रस्ते आणि काळ्या पाषाणातल्या विहिरी यांसाठी सुरुंगाची दारू हळूहळू हाताशी आली. ती पाण्यात फुटली की दाबाची लाट माशाच्या पोटातली हवेची पिशवी फाडते. मेलेले सगळे मासे वर येत नाहीत. पुष्कळसे तळाशी बसून सडतात. मारणाऱ्याच्या हाती थोडे लागते, डोहाचे मात्र सर्वस्व जाते.

हिंदुस्थानातल्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीची पहिली मोठी पाहणी फ्रान्सिस डे या लष्करी डॉक्टराने केली. तिचा अहवाल १८७३ मध्ये निघाला. बारीक आसाची जाळी, पिल्लांची शिकार, विषप्रयोग आणि माशांची वाट अडवणारे बंधारे या चार गोष्टींवर त्याने बोट ठेवले. सरकारला कायदा करायला आणखी दोन तपे लागली. १८९७ च्या इंडियन फिशरीज ॲक्टने मासे मारण्याच्या उद्देशाने पाण्यात स्फोटक वापरणे, आणि विष, चुना किंवा इतर घातक पदार्थ टाकणे हे गुन्हे ठरवले. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. स्फोटकाच्या कलमात ‘पाणी’ या शब्दात किनाऱ्यापासून एक सागरी लीग, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटरपर्यंतचा समुद्रही धरला होता. डोंगरातला डोह आणि किनाऱ्यालगतचा समुद्र एकाच वाक्यात आले. वऱ्हाड तेव्हा नावापुरता निजामाचा होता. १८५३ पासून कारभार इंग्रजांकडे असला तरी ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तिथे वेगळ्या आदेशाने लावावे लागत. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला.

या कायद्याची खरी ताकद सहाव्या कलमात होती. जाळ्याच्या आसाचे माप ठरवणे, बांध आणि पक्क्या सापळ्यांवर बंधन घालणे, ठरावीक पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी बंद ठेवणे, हे सगळे त्यात प्रांतिक सरकारवर सोपवले होते. डे याने दाखवलेल्या चारही दुखण्यांवर इलाज या कायद्यात होता. पण पाणी राखायला पाण्याजवळ कोणीतरी लागते. ज्या भोयाला डोहाची खोली आणि माशाचा हंगाम तोंडपाठ होता, त्याला कायद्याने राखणदार केले नाही. डोहावर सुरुंग फुटल्याचे पोलिसांना दुसऱ्या दिवशी कळून उपयोग नसतो.

स्वातंत्र्यानंतर नद्यांचेच रूप बदलले. नळगंगा, पैनगंगेवरचे येळगाव आणि पेनटाकळी, देऊळगाव राजा तालुक्यातल्या खडकपूर्णेवरचा संत चोखासागर, अशी धरणे झाली. धरणाने चढणीची वाट कायमची बंद केली, आणि धरणाच्या पोटात मोठे साचलेले पाणी दिले. त्या पाण्यात कटला, रोहू आणि मृगळ सोडता येऊ लागले ते एका शोधामुळे. हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी ओडिशात कार्प जातीच्या माशांना पियुषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन त्यांचे प्रजनन घडवून आणले. तेव्हापासून मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली हे शब्द तलावाकाठी रुळले. जिऱ्याच्या दाण्याएवढे पिल्लू बोटाएवढे झाले की ते तलावात सोडायचे. तलावाचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांना मिळू लागला, आणि पाण्याजवळच्या माणसाला राखणीचे कारण प्रथमच कागदावर मिळाले. पैसे भरून सोडलेली बोटुकली कोणी चोरट्या जाळ्याने उपसली तर नुकसान आता संस्थेच्या सभासदाचे होते.

धोके मात्र वाढतच गेले. जिलेटिनच्या कांडीला बॅटरीच्या करंटची जोड मिळाली. कपाशीवर फवारायची कीटकनाशके हिंगणबेटाच्या जागी आली, आणि ती सहजी निवत नाहीत. माशांना अत्यंत घातक असलेल्या एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. शेतातून वाहून आलेले औषध १८९७ च्या शब्दांत बसत नाही, कारण त्यात मासे मारण्याचा उद्देश नसतो. त्यासाठी १९७४ चा जलप्रदूषण कायदा पाहावा लागतो. हावरा आफ्रिकी मांगूर केंद्राने २००० मध्ये निषिद्ध ठरवला, तरी महाराष्ट्रात तो चोरून वाढवला जातच राहिला.

समुद्रावर हाच क्रम मोठ्या मापात घडला. तिथे फेकजाळ्याच्या जागी ट्रॉलर आला. गोव्यात किनाऱ्यावरून रांपण जाळे ओढणाऱ्या रांपणकारांनी १९७० च्या दशकात त्याविरुद्ध आंदोलन केले आणि १९८० मध्ये तिथे कायदा झाला. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, म्हणजे बुलढाण्यात मासे ओढ्याला चढतात त्याच दिवसांत. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आणले. २०१७ मध्ये एलईडी दिव्यांचा झोत टाकून मासे गोळा करण्यावर केंद्राने बंदी घातली, कारण त्या उजेडात मोठ्याबरोबर पिल्लूही जाळ्यात येते. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरणे गुन्हा झाला.

बुलढाण्याच्या आठवडी बाजारात समुद्र येतो तो सुका होऊन: सुकट, बोंबील, झिंगे. ओला बोंबील अंगात पाणी भरलेला, काचेसारखा असतो. कोळीवाड्यात वलांडीवर तोंडात तोंड अडकवून तो उन्हात टांगतात, आणि उतरवतात तेव्हा तो आक्रसून काडीसारखा झालेला असतो. कायद्याने ठरवलेली लांबी त्याच्यावर मोजता येत नाही. खामगावच्या गिऱ्हाइकाला पिशवीतला बोंबील वयात आलेला होता की कोवळा, हे ओळखण्याचा उपाय नाही. ते माप बंदरावर, ताज्या माशाचे घ्यावे लागते, किंवा त्याच्याही आधी जाळ्याच्या आसाचे.