निळ्या गुहेत पहिला कोण शिरला?

इटलीतील नेपल्सच्या उपसागरात, काप्री बेटाच्या वायव्य कड्याखाली समुद्र शांत असेल त्या दिवशी सकाळपासून एकच दृश्य दिसते. मोटारबोटी येऊन थांबतात. प्रवासी एकेक करून लहान वल्ह्याच्या होडीत उतरतात. एका होडीत फार तर चौघे. नावाडी त्यांना होडीच्या तळाशी उताणे निजायला सांगतो. कड्याला ठोकलेली लोखंडी साखळी तो धरतो, लाट ओसरण्याची वाट पाहतो, स्वतःही मागे आडवा होतो आणि एका हिसक्यात होडी खडकाच्या पोटात ओढून घेतो.

ज्या तोंडातून ती आत जाते ते जेमतेम दोन मीटर रुंद आणि मीटरभर उंच आहे. आत मात्र सुमारे साठ मीटर लांब आणि पंचवीस मीटर रुंद अशी प्रशस्त पोकळी उघडते आणि तिच्यातील सारे पाणी निळे पेटलेले असते. हीच ती ‘ग्रोत्ता अझ्झुर्रा’, निळी गुहा.

पर्यटकांच्या हातातील माहितीपुस्तकांत बहुधा एक वाक्य ठरलेले असते : १८२६ साली जर्मन कवी आणि चित्रकार आउगुस्ट कोपिश याने या गुहेचा शोध लावला. हा धागा त्या एका वाक्याविषयी आहे.

आधी किनारा समजून घ्यायला हवा. काप्री म्हणजे सोरेंतोच्या भूशिरापासून सुमारे पाच किलोमीटरवर समुद्रातून सरळ वर आलेला चुनखडकाचा डोंगर. क्षेत्रफळ दहा चौरस किलोमीटरच्या आसपास. बहुतेक बाजूंनी उभे कडे असल्याने मोठे जहाज लागेल अशी जागा जवळपास नाहीच. रोमन इतिहासकार टॅसिटसने हेच नोंदवले आहे : बेटाला बंदर नाही, लहान होड्यांनाही आसऱ्याच्या जागा मोजक्याच आणि पहारेकऱ्याच्या नजरेआड तेथे कोणी उतरू शकत नाही. त्याच्या मते सम्राट तिबेरियसला हे बेट आवडले ते याच कारणासाठी.

बेट सम्राटांच्या ताब्यात आले ते तिबेरियसच्या आधी. ऑगस्टसने इ.स.पू. २९ मध्ये नेपल्स नगराला इस्किया हे मोठे बेट देऊन त्याच्या बदल्यात काप्री घेतले. पुढे तिबेरियस इ.स. २७ मध्ये येथे आला आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे इ.स. ३७ पर्यंत, साम्राज्याचा कारभार येथूनच चालला. रोमला तो पुन्हा कधी परतला नाही.

या काळातील एक गोष्ट सुएटोनियस सांगतो. एक कोळी बेटाच्या मागच्या बाजूने, जेथे वाटच नव्हती तेथून, कडा चढून वर आला आणि एकटा बसलेल्या सम्राटापुढे त्याने मोठा मासा भेट म्हणून धरला. आपल्यापर्यंत कोणी असे पोहोचू शकते या कल्पनेने तिबेरियस हादरला. त्याने तोच मासा त्या कोळ्याच्या तोंडावर घासायला लावला. बिचारा कोळी म्हणाला, बरे झाले, पकडलेली मोठी शेवंड भेट दिली नाही. तेव्हा सम्राटाने ती शेवंडही आणवली आणि तिनेही त्याचा चेहरा सोलवला.

सुएटोनियसने हे तिबेरियसच्या मृत्यूनंतर बऱ्याच दशकांनी लिहिले आणि त्याला या सम्राटाविषयी मुळीच ममत्व नव्हते; त्यामुळे प्रसंग अक्षरशः खरा धरायचे कारण नाही. पण एक बाब त्याने गृहीत धरली आहे आणि ती महत्त्वाची आहे. सम्राटाचे पहारे ज्या वाटा ओळखत नव्हते, त्या या किनाऱ्यावरच्या कोळ्याला पाठ होत्या.

आता कोपिशकडे येऊ. जन्म १७९९, ब्रेस्लाऊ. म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्स्वाफ. बर्फावर पडून हाताला झालेल्या दुखापतीमुळे त्याच्या चित्रकलेत अडथळा आला होता. इटलीत हिंडता हिंडता १८२६ च्या ऑगस्टमध्ये तो हायडेलबर्गचा तरुण चित्रकार एर्न्स्ट फ्रीस याच्यासह काप्रीला पोहोचला. दोघे उतरले जुझेप्पे पागानो याच्या खाणावळीत. पागानो गावचा नोटरी, शिकलेला, बोलका आणि पाहुण्यांना बेटावर रमवण्यात तरबेज.

त्याने पाहुण्यांना एक दंतकथा ऐकवली. ग्रादोला नावाच्या उतरण्याच्या जागेजवळ कड्याखाली एक गुहा आहे. तेथे भुतांचा आणि सैतानाचा वावर असल्याने नावाडी तिकडे फिरकत नाहीत. फार पूर्वी दोन पाद्री धाडस करून पोहत आत शिरले आणि भयभीत होऊन परतले. आत म्हणे देवळासारखी मोठी जागा आहे, वेदी आहे आणि भोवती मूर्तीच मूर्ती.

या मूर्ती लक्षात ठेवाव्यात. त्यांच्याकडे पुन्हा यायचे आहे.

दुसऱ्या कोणी ही कथा हसून सोडून दिली असती. कोपिशला मात्र प्राचीन अवशेषांचा वास लागला आणि त्याने जाण्याचा हट्ट धरला. होडी आणि नावाडी हवा होता. तो मिळाला आंजेलो फेर्रारो, या बेटावरचाच एक कोळी.

कोपिशच्या वर्णनानुसार त्यांची होडी आत गेलीच नाही. ती तोंडाशी थांबली आणि माणसे पोहत आत शिरली. सर्वांत पुढे आंजेलो होता. एका लहान पिंपात डांबर पेटवून तो जाळ तो पाण्यावरून पुढे ढकलत होता. मागे कोपिश. धूर डोळ्यांत जात होता, समोर काळोख होता. आणि मग त्याची नजर खाली पाण्याकडे वळली. ते निळे झगमगत होते. पहिल्या क्षणी आनंदाऐवजी त्याला धास्तीच वाटली, हे त्याने प्रामाणिकपणे लिहिले आहे.

काळोखाला आणि सैतानाला तोंड द्यायला नेलेल्या त्या जाळाची तेथे काहीच गरज नव्हती. गुहेला खरे म्हणजे दोन तोंडे आहेत. होडी जाते ते वरचे, अगदी लहान. त्याच्या खाली, पाण्यात बुडालेले दुसरे तोंड कितीतरी मोठे आहे. बाहेरचे ऊन या खालच्या तोंडातून, पाण्याच्या जाड थरातून गाळून आत येते. पाणी तांबड्या छटा शोषून घेते, निळ्या पुढे जाऊ देते. म्हणून प्रकाश वरून पडण्याऐवजी तळातून वर येतो आणि पाण्यात बुडवलेला हात किंवा वल्हे रुपेरी दिसते.

त्या दिवशी गुहेच्या मागच्या अंगाला त्यांना एक वाट दिसली. तिबेरियसच्या महालात जाणारे हे गुप्त भुयार असावे, असे कोपिशच्या मनाने घेतले. वर कड्यावर दामेकुता येथे रोमन प्रासादाचे अवशेष आहेतच, तेव्हा तर्क अगदीच हवेतला नव्हता. पण तसे भुयार तेथे नाही. स्वच्छंदतावादी कवीच्या गुहेत गुप्त मार्ग असणे त्या काळी जवळजवळ बंधनकारकच होते, एवढे म्हणून पुढे जावे.

खाणावळीत परतल्यावर कोपिशने पाहुण्यांच्या वहीत या सफरीची नोंद केली. पागानोकडे उतरणारा प्रत्येक जर्मन, इंग्रज, डॅनिश प्रवासी ती वही चाळी आणि दुसऱ्या दिवशी होडी मागवी. हान्स ख्रिश्चन अँडरसन १८३४ मध्ये येथे आला आणि १८३५ च्या आपल्या ‘द इम्प्रोव्हिजातोरे’ या कादंबरीत त्याने ही गुहा आणली. गुहेची कीर्ती युरोपभर गेली ती या कादंबरीमुळे. मार्क ट्वेन १८६७ च्या प्रवासात येथे आला, तोपर्यंत लहान होडीत दाटीवाटीने आत जाणे हा नेहमीचा परिपाठ झाला होता.

कोपिशचा स्वतःचा सविस्तर वृत्तांत मात्र १८३८ मध्ये छापला गेला, म्हणजे घटनेनंतर बारा वर्षांनी. सोबतचा फ्रीस १८३३ मध्येच, तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, वारला होता. आंजेलोने लिहून ठेवलेले काही नाही. त्या सकाळचे आपले चित्र मुख्यतः एकाच माणसाच्या लेखणीतून आलेले आहे आणि तो माणूस लोककथांना पद्यरूप देण्यात निष्णात होता. कोलोनच्या घरोघरी रात्री गुपचूप कामे करून जाणाऱ्या बुटक्यांवरची त्याची कविता जर्मन मुलांना आजही ठाऊक असते. भूत, पाद्री, जाळ, काळोख आणि मग एकाएकी निळाई : हा क्रम किती सुबक आहे, याकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा संशयानेच पाहावे.

संशयाला जागा आणखीही आहे. आंजेलो १८२२ मध्येच एकटा आत जाऊन आला होता, असे काप्रीत सांगितले जाते. ते खरे असो वा नसो, ज्याला सैतानाची खरोखर भीती वाटते तो माणूस जळते पिंप ढकलत परक्या पाहुण्याच्या पुढे पोहत नाही. बेटावर सगळेच भीत होते हे चित्र पागानोला पाहुणे खेचण्यासाठी सोयीचे होते आणि कोपिशला शौर्यासाठी. काही कोळी खरेच टाळत असतील. अरुंद तोंड आणि अचानक उठणारी लाट हे त्याला पुरेसे कारण होते.

मुळात जागेला ग्रादोला हे नाव आधीपासून होते. नाव असलेली जागा अज्ञात कशी म्हणायची?

मराठीत ‘शोध’ हा शब्द धुंडाळण्यालाही चालतो आणि गवसण्यालाही. म्हणूनच कदाचित आपणही फारसा विचार न करता म्हणतो की अजिंठ्याचा शोध १८१९ मध्ये जॉन स्मिथने लावला. एप्रिल १८१९ मध्ये हा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तेथे पोहोचला आणि दहाव्या लेण्यातील चित्रावर आपले नाव कोरून ठेवता झाला. परिसरातील लोकांना ती लेणी माहीत होतीच. काप्रीची सफर त्यानंतर सात वर्षांनी घडली. दोन्हीकडे नाव राहिले ते ज्याने ते लिहून ठेवले त्याचे.

तरी कोपिशवर अन्याय करू नये. आंजेलोचे नाव आज आपल्याला माहीत आहे ते कोपिशमुळेच. श्रेय वाटून देण्याची त्या काळी फारशी रीत नसताना त्याने आपल्या नावाड्याला निनावी ठेवले नाही. स्मिथला वाट दाखवणाऱ्याचे नाव मात्र त्याने कोरलेल्या ओळीत नाही.

आता त्या मूर्ती. १९६४ मध्ये गुहेच्या तळातून रोमन काळातील संगमरवरी पुतळे वर काढण्यात आले : समुद्रदेव नेपच्यून आणि ट्रायटन. पाण्याने खाल्लेले, हातपाय झिजलेले. वरच्या ग्रादोलाच्या रोमन प्रासादाशी जोडलेले हे जलमंदिर असावे, असे अभ्यासक मानतात. म्हणजे पागानोच्या खाणावळीत सांगितलेल्या त्या कथेतील मूर्ती निव्वळ कल्पना नव्हत्या. कोपिशला त्या दिसल्या नाहीत. सैतानाच्या गोष्टीत मात्र कोणीतरी, कधीतरी पाहिलेले काहीतरी टिकून राहिले होते, असे म्हणायला बळकट आधार मिळाला.

ते पाद्री खरेच आत गेले होते का, की मूर्तींची आठवण कोळ्यांच्याच पिढ्यांतून उतरत आली, हे ठरवता येत नाही. पण ‘अंधश्रद्धा’ म्हणून बाजूला सारलेल्या कथेत पुराव्याचा अंश होता आणि ‘शोध’ म्हणून छापल्या गेलेल्या वृत्तांतात कथेचा, हे येथे लख्ख दिसते.

बेटाचा पुढचा इतिहास या गुहेने पुष्कळ बदलला. पागानोच्या खाणावळीचे मोठे हॉटेल झाले. कवी योझेफ व्हिक्टर फॉन शेफेल याने १८५३ मध्ये आपले गाजलेले काव्य काप्रीतच पूर्ण केले आणि जर्मन पाहुण्यांची रीघ आणखी वाढली. गुहा ज्या आनाकाप्रीच्या हद्दीत येते, ते वरचे गाव १८७० च्या दशकात गाडीरस्ता होईपर्यंत नऊशेहून अधिक पायऱ्यांच्या एका उभ्या वाटेनेच बंदराशी जोडलेले होते. त्या पायऱ्यांना ‘फिनिशियन’ म्हणतात. त्या बहुधा ग्रीकांनी खोदलेल्या आहेत. नावांच्या बाबतीत या बेटाचे नशीबच असे आहे.

आज खासगी सफर घेणारे प्रवासी ‘गोत्झो’ नावाच्या, या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या जुन्या घडणीच्या होडीतून बेटाला प्रदक्षिणा घालतात. आग्नेयेचे फाराल्योनी सुळके, पांढरी गुहा, हिरवी गुहा, नैऋत्य टोकाचा दीपस्तंभ. निळ्या गुहेशी आल्यावर मात्र सगळ्यांनाच आपली होडी सोडून स्थानिक नावाड्याच्या लहान होडीत बसावे लागते, कितीही महागडी नौका घेऊन आलेले असोत. वायव्येचा वारा सुटला की गुहा बंद. त्या दिवशी पैसे देऊनही आत जाता येत नाही.

१९६४ चे पुतळे आनाकाप्रीतील कासा रोस्सा या संग्रहालयात ठेवले आहेत. गुहेच्या तोंडाशी ताटकळणाऱ्या रांगेच्या मानाने तेथे गर्दी फार थोडी असते.